नाईकवाडी सरांची शंका

“पण बाई, कुणी प्रश्नच विचारत नाही. त्याला मी काय करू?”

डॉ. विश्राम नाईकवाडी वाचनालयाच्या व्हरांड्यात उभे होते. समोरच्या बाकावर ढोलेबाई बसल्या होत्या. मांडीवर वर्तमानपत्र, डोक्यावरून लोकरीचा स्कार्फ.

बाई वाचनालयाच्या अध्यक्ष. नव्वदीला टेकलेल्या. विश्राम यांना त्यांनी चौथीत शिकवलं होतं. पुढे विश्राम पुण्याला गेले, तर्कशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, तिथल्याच कॉलेजात आयुष्यभर शिकवलं आणि निवृत्त होऊन गावी परतले. गाव त्यांना सर म्हणे. बाई म्हणत, विश्राम.

“कसले प्रश्न?” बाईंनी विचारलं.

“दर गुरुवारी मी बोललो. मन म्हणजे काय, स्मृती म्हणजे काय. शेवटी विचारतो, कुणाला काही शंका? सगळे माझ्याकडे बघतात... मग चहा येतो.”

“चहा चांगला असतो.”



पौषातले दिवस होते. थंडीत वयस्क माणसं घरात कुढत बसतात, म्हणून वाचनालयानं महिनाभर रोज दुपारी मोठ्यांसाठी काही ना काही ठेवलं होतं. कल्पना विश्राम यांचीच. सोमवारी मोबाइल शिकायचा. मंगळवारी गोधडी शिवायची. बुधवारी बुद्धिबळ, गुरुवारी विश्राम यांचं व्याख्यान. शुक्रवारी जुनी गाणी. त्या दिवशी खुर्च्या पुरत नसत. मोबाइलच्या वर्गात सगळे एक गोष्ट पक्की शिकले होते : सकाळी उठून एकमेकांना गुलाबाची चित्रं पाठवायची.

आज महिन्याचा शेवटचा कार्यक्रम होता. शंकासमाधान. विश्राम मंचावर बसणार, लोक विचारणार, ते उत्तरं देणार.

“कुणीच काही विचारलं नाही तर शोभा होईल,” विश्राम म्हणाले. “म्हणून मी चौघांना प्रश्न सांगून ठेवलेत.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“आणि उत्तरं?”

“ती मी देणार.”

“तीही सांगून ठेवायचीस. मग तू आला नाहीस तरी चाललं असतं.”

विश्राम हसले नाहीत. बाकाच्या कडेला बसले.

बाईंनी वर्तमानपत्राची घडी घातली.

“शालन कशी आहे?”

“तशीच.”

“ओळखते?”

“सकाळी ओळखते. म्हणजे... नावानं नाही, पण आपलं माणूस म्हणून. संध्याकाळ झाली की उठते. पदर खोचते, पिशवी घेते. म्हणते, चला आता, घरी जाऊ या.”

“घरातच?”

“घरातच.”

“मग तू काय करतोस?”

“समजावतो.” विश्राम यांनी हात पुढे केले, वर्गात करत तसे. “दारावरची पाटी दाखवतो. ही बघ, नाईकवाडी. लग्नातला फोटो दाखवतो. विजेचं बिल दाखवतो, त्यावर पत्ता आहे. एकेक पायरीनं जातो, बाई. कुठंही उडी मारत नाही.”

“आणि ती?”

“सगळं ऐकते. मान डोलावते.”

“मग?”

“मग म्हणते, बरं, आता चला घरी.”

समोरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. बाई तिकडे बघत राहिल्या.

“रोज?”

“रोज. वच्छी असते घरात, माझी बहीण. ती म्हणते, दादा, तू बोलू नकोस, तुझ्या बोलण्यानं ती जास्तच रडते... मी बोलू नको तर काय करू? मला दुसरं येतं काय?”

बाईंनी वर्तमानपत्र बाकावर ठेवलं.

“चाळीस वर्षं शिकवलं,” विश्राम म्हणाले. “आणि एका बाईला काय उत्तर द्यावं, ते मला कळत नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.”

बाई म्हणाल्या, “आज उलटं करू.”

“काय उलटं?”

“तू विचार. लोक सांगतील.”

“मी? त्यांना?”

“हो.”

“त्यांना मी काय विचारणार, बाई?”

“ज्याचं उत्तर तुला येत नाही, ते.”

“लोक काय म्हणतील? इतकं शिकलेला माणूस...”

“चौथीत तू सारखं बोट वर करायचास,” बाई म्हणाल्या. “उत्तर येतंय म्हणून. येत नाही म्हणून एकदाही केलं नाहीस. मी वर्षभर वाट बघितली.”

*

सभागृह म्हणजे वाचनालयाचीच मोठी खोली. भिंतींना पुस्तकांची कपाटं, मध्ये खुर्च्या, पुढे हातभर उंचीचा मंच. ऐकायला आलेल्यांत मीही होतो, मागच्या रांगेत. कानटोप्या आणि शालींमुळे पुढची माणसं पाठीमागून ओळखू येत नव्हती.

बाई मंचावर बसल्या. शेजारी विश्राम.

बाईंनी माइक जवळ ओढला. “आज सरांना शंका आहे. समाधान तुम्ही करायचं आहे.”

लोकांत कुजबुज झाली. ज्या चौघांना प्रश्न सांगून ठेवले होते ते एकमेकांकडे बघू लागले. त्यांतले दिनकर आवटी उठलेच.

“मग माझा प्रश्न आता विचारायचा का नाही, सर? पाठ करून आलोय.”

“बसा, आवटी,” बाई म्हणाल्या.

आवटी बसले. जन्मभर एसटी चालवली त्यांनी. गाडी थांबवा म्हटलं की थांबवायची सवय.

विश्राम उभे राहिले. घसा साफ केला.

“माझा प्रश्न असा आहे. एखाद्या व्यक्तीची स्मृती पूर्णपणे गेली, तर ती व्यक्ती तीच राहते, असं आपल्याला कोणत्या आधारावर म्हणता येईल?”

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. नेहमीसारखे.

“विश्राम,” बाई म्हणाल्या. माइक चालूच होता. “ह्यावर तू गेल्या गुरुवारी तासभर बोललास. हे तुला येतं. बस खाली.”

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. विश्राम बसले. त्यांचे कान लाल झालेले आमच्या मागच्या रांगेतूनही दिसत होते.

हसणं थांबलं. कुणीच बोलेना. मला वाटलं, आता चहा येईल आणि सुटका होईल. बाईंनाही हे जड जात असावं. पण माझा अंदाज अशा बाबतीत नेहमी चुकतो.

बाईंनी माइकचं बटण बंद केलं.

“खाली जा,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “वरून विचारता येत नाही.”

विश्राम मंचावरून उतरले. खाली रिकामी खुर्ची नव्हती. ते दोन रांगांच्या मध्ये उभे राहिले, हातांचं काय करावं हे न कळल्यासारखे.

हमीदाबी शिकलगार यांनी शेजारच्या खुर्चीवरचं आपलं गोधडीचं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं.

“बसा, सर.”

विश्राम बसले. आता ते आम्हाला दिसत नव्हते, नुसता आवाज येत होता.

“माझी बायको... शालन. तिला आता काही आठवत नाही. संध्याकाळ झाली की ती म्हणते, घरी चला. घरातच असते. तिला काय म्हणायचं, मला कळत नाही.”

एवढंच बोलले.

 

पहिले आवटीच बोलले. “न्यायचं की घरी.”

“अहो, घरातच आहेत त्या,” शेजारचा म्हणाला.

“कळलं मला. चपला घालायच्या, बाहेर काढायचं, स्टँडपर्यंत चालवायचं आणि परत आणायचं. दारात म्हणायचं, आलं बघा घर. उतरा.”

“म्हणजे फसवायचं,” भूपाल चौगुले म्हणाले. त्यांचं औषधांचं दुकान. “आजारी माणसाला फसवू नये. एकदा तिला कळलं, की सरांवरचाही विश्वास जाईल.”

“फेरी मारली यात फसवणूक कुठं आली? सकाळी तुम्ही फेरी मारता ती काय असते?”

“ती तब्येतीसाठी.”

“ही पण तब्येतीसाठीच.”

हशा झाला. चौगुले हसले नाहीत. “मी तर खरं तेच सांगेन,” ते म्हणाले. “रागावली तरी चालेल. वडिलांना त्यांच्या आजाराचं मी खरं सांगितलं नव्हतं. ते शेवटपर्यंत मला विचारत राहिले.”



“माझी सासू असंच म्हणायची,” हमीदाबी म्हणाल्या. त्या गाठोड्याच्या गाठीशी चाळा करत होत्या. “घरी चल, घरी चल. मी म्हणायची, अम्मा, हेच घर. रोज भांडण. मग आम्ही खरंच गाडी केली नि तिला माहेरच्या गावी नेलं. तिचंच घर, तिचीच चूल. तिथं बसली, पाणी प्याली. नि म्हणाली, चल आता, घरी जाऊ.”

“मग?” विश्राम यांनी विचारलं.

“मग काय. परत आलो.”

“मग तुम्ही काय म्हणायला लागलात?”

हमीदाबींनी थोडा विचार केला. “काही आठवत नाही, सर. काही तरी म्हणत असेन. भाकरी थापताना म्हणत असेन.”

खिडकीजवळून कुणी म्हणालं, कुठलं घर ते विचारा तिलाच. कुणी म्हणालं, विचारू नका, त्रास होतो. कुणी एका वैद्याचं नाव सांगितलं. त्यावर दोघं म्हणाले, तो वैद्य वारला. बुद्धिबळाला येणारे एक गृहस्थ, ते कधी बोलत नसत, ते म्हणाले, “आमची गेली. मला आता कुणी चला म्हणत नाही.” आणि लगेच खाली बघू लागले.

मग पुढच्या रांगेतून एका बाईनं विचारलं, “ती म्हणते तेव्हा तुम्ही काय म्हणता, सर?”



“आधी समजावत होतो,” ते म्हणाले. “आता... मी इथं असतो.”

“पण आपला कार्यक्रम तर उजेडातच संपतो.”

“हो.”

“मग?”

“मग मी खुर्च्या लावतो. पुस्तकं बघतो. उद्याचं ठरवतो.” थोडं थांबून ते म्हणाले, “ती निजेपर्यंत मी इथंच असतो. महिनाभर मी हेच केलंय.”

आवटींनी कानटोपी काढली आणि उगाच हातात धरून बसले.

चहा आला. पहिल्यांदाच कुणी उठलं नाही; कप हातोहात मागेपर्यंत येत राहिले. विश्राम यांना हमीदाबींनी दिला. त्यांनी तो बशीत ओतला आणि तसाच धरून ठेवला.

चिटणीस आभार मानायला उठले. महिनाभरात त्यांनी कुणाचेच आभार चुकवले नव्हते. बाईंनी हातानंच त्यांना खाली बसवलं.

*

माणसं गेली. व्हरांड्यात बाई चपला शोधत होत्या. विश्राम यांनी त्या पुढे करून ठेवल्या.

“बाई, तुमचा समारोप राहिला.”

बाईंनी एक पाय चपलेत घातला.

“मी सगळं नीट ऐकलं,” विश्राम म्हणाले. “आवटी म्हणतात, फिरवून आणा. चौगुले म्हणतात, खरं सांगा. हमीदाबी नेऊनही आल्या, उपयोग झाला नाही. विचारा आणि विचारू नका, ही तर सरळ विसंगती आहे. ही सगळी उत्तरं एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत.”

“नसतील.”

“मग कुणाचं बरोबर?”

बाईंनी दुसरा पाय घातला. भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या.

“तुम्हाला माहीत आहे,” विश्राम म्हणाले. “आवटींना बसवलंत, मला खाली उतरवलंत. तुम्हाला नक्की माहीत आहे. सांगत नाही एवढंच.”

“मला नाही माहीत.”

विश्राम त्यांच्याकडे बघत राहिले. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत बाईंच्या तोंडून त्यांनी हे वाक्य ऐकलं नसावं.

“मग आज मला सगळ्यांपुढे कशाला...”

ते थांबले.

आत खोलीभर खुर्च्या वेड्यावाकड्या पडल्या होत्या. विश्राम यांनी तिकडे नजर टाकली.

“बरं. तुम्ही व्हा पुढं, बाई. मी एवढ्या खुर्च्या लावतो...”

बाईंनी व्हरांड्याच्या कडेशी येऊन रस्त्याकडे पाहिलं. स्कार्फ सारखा केला.

“अजून उजेड आहे,” त्या म्हणाल्या. “चालत गेलास तरी पोचशील.”