और्णव मुनींचा हिरवा हात

पूर्वी, कृतयुगाची पहाट उगवण्याच्याही आधी, पृथ्वीवर जल होते, सूर्य होता, पण श्वास घ्यावा असा वायू नव्हता. ब्रह्मदेवाने घडवलेले जीव डोळे उघडण्याआधीच गुदमरून जात. तेव्हा वरुणकन्या शैवला, जिला ना मूळ ना पान ना फूल, जी एकटी असता डोळ्यांना दिसतही नाही, ती जळावर पसरली; सूर्याचे तेज प्यायली आणि युगानुयुगे प्राणवायू सोडीत राहिली. वृक्ष पुष्कळ नंतर आले. प्रसन्न होऊन ब्रह्मदेवाने तिला वर दिला, की जिथे ऊन, ऊब आणि अन्न मिळेल तिथे तू एकीच्या दोन, दोनाच्या चार होत वाढशील. या वराला मर्यादा घालायला पितामह विसरले. वर देताना देवांचे असेच होते. निस्तरावे लागते ते माणसांना.

पुढे त्रेतायुगात चंद्रोद नावाच्या निर्मळ सरोवराच्या काठी और्णव मुनींचा आश्रम होता. मुनी महातपस्वी, अग्निहोत्री, आणि ऋषी म्हटले की कोप आलाच, म्हणून कोपिष्टही. त्यांनी बारा वर्षांचे यज्ञसत्र आरंभिले. दूरदूरचे राजे तुपाच्या आणि धान्याच्या गाड्या पाठवू लागले. यज्ञशेष पायदळी येऊ नये म्हणून उरलेले दूध, तूप, शिजलेले अन्न आणि कुंडातले भस्म सरोवरात विसर्जित करावे, अशी आज्ञा मुनींनी केली व पहिली ओंजळ स्वतःच सोडली. भक्तीला माप नसते म्हणतात. पाण्याला मात्र असते.

सत्र संपत आले असता एका ग्रीष्मात वारा पडला. चंद्रोदावर निळसर-हिरवी साय धरली आणि कुजट वास सुटला. मेलेली शैवला तळाशी जाऊन कुजू लागली, त्या कुजण्याने पाण्यातला श्वास संपला, आणि पहाटे मासे तोंडे वर काढून तडफडू लागले. मुनिपत्नी कुमुदेची गाय श्यामली ते पाणी प्यायली, लडखडली आणि सायंकाळी गेली. शिष्यांनी पाणी उकळून दुसऱ्या गाईला पाजले; तीही गेली, कारण ते विष उकळून जाणारे नव्हते. उरले ते श्यामलीचे वासरू. सुकलेल्या जिभेने ते खुंटाशी हंबरत होते, आणि निर्मळ पाणी सबंध आश्रमात फक्त मुनींच्या कमंडलूत होते.

कुमुदा ते मागायला आली, तो मुनी कमंडलू घेऊन काठावर उभे. त्यांचे नेत्र आरक्त झाले होते. उजव्या तळहातावर जळ घेऊन त्यांनी शापाचा मंत्र उच्चारायला घेतला, की या पापिणी शैवलेचा त्रैलोक्यातून निर्वंश होवो. शेवटचा शब्द तेवढा उरला होता.

तोच साय दुभंगली आणि हरितवर्णा शैवला वर आली.

“मुनिवर, मी आक्रमण केले नाही. आपण इतकी वर्षे मला जेवू घातलेत. विष माझ्या अंगचे आहे, ते मी नाकारीत नाही. पण माझी ही दाटी आपली आहे. निर्वंश करायचा तर करा. मात्र ज्या श्वासाने तो शेवटचा शब्द उच्चाराल, तो श्वास कुणी दिला, हे आठवा.”

तरीही मुनींचा क्रोध ओसरेना. तेव्हा डोळे पुसत कुमुदा पुढे झाली.

“स्वामी, पहिली ओंजळ कुणाची होती?”

तपाने न लाभलेले ज्ञान त्या एका प्रश्नात होते, आणि मुनींना मनस्वी लाज वाटली. परंतु अभिमंत्रित जळ परत फिरत नाही. ते कुणावर तरी पडलेच पाहिजे. मुनींनी शैवलेकडे पाहिले, वासराकडे पाहिले, आणि मूठ घट्ट मिटली. ज्या हाताने दिले त्यानेच भोगावे, असे म्हणून त्यांनी शाप स्वतःच्याच हातावर जिरवला. हात मनगटापर्यंत हिरवा झाला. त्या हाताने अग्नीत आहुती देण्याचा अधिकार गेला. अग्निहोत्र्याला याहून मोठे मरण नाही.

कमंडलूतले उरलेले पाणी कुमुदेने वासराला पाजले. ते दोन घोटांत संपले आणि वासरू मान टाकू लागले. मुनी डोंगराकडून येणाऱ्या कोरड्या ओढ्यात उतरले आणि त्या हिरव्या हाताने वाळूत झिरा खणू लागले. बोटे सोलली. कुमुदा वासराच्या छातीवर हात ठेवून बसली होती. ठोके मंदावत होते. अखेर वाळू ओली झाली, मग गढूळ, मग निवळ पाणी पाझरले. वासरू प्यायले आणि बऱ्याच वेळाने उभे राहिले. कुमुदा तिथेच हमसून हमसून रडली.

ते पाहून शैवला द्रवली. ना ब्रह्मदेवाचा वर तिला परत करता येत होता, ना अंगचे विष. तिने वचन दिले, की मी दाटले तर पाण्यावर रंग दाखवीन. रंग दिसला की गाय उतरवू नका.

सत्र अपुरेच थांबले. कित्येक पावसाळ्यांनी चंद्रोद निवळला. इतर कथा ऐकल्याने स्वर्ग मिळतो. या कथेचे फळ एवढेच, की काठावर ओंजळ भरून उभा राहिलेला माणूस ती पाण्यात सोडण्याआधी एकवार आपल्या हाताकडे पाहतो. और्णवांचा हात शेवटपर्यंत हिरवाच होता. रोज सकाळी, होमाच्या वेळी, ते त्या हाताने झिऱ्यातली वाळू उपसत, आणि श्यामलीचे वासरू शेजारी उभे राहून वाट पाहत असे.