साळिंदर आणि काळ्या कातळावरची जागा

सागाच्या एका दाट जंगलात, ओढ्याकाठच्या बिळात, एक साळिंदर राहत असे. त्याच्याकडे मोठे मानाचे काम होते. वाघमहाराजांच्या दरबारात कोणत्या कामावर कोणाला नेमायचे, हे तोच ठरवी. पाणवठ्यावर पहारा कोणी द्यायचा, निरोप घेऊन कोणी धावायचे, वणवा दिसला तर हाक कोणी घालायची, सगळी निवड त्याची. आणि मुलांनो, निवड करावी तर त्यानेच! पहारेकरी हवा असला, की तो आलेल्या सगळ्यांना पाठमोरे बसवी आणि मागे हळूच सागाचे एक वाळलेले पान टाकी. ज्याचा कान आधी वळे, त्याला काम मिळे. मग साळिंदर आपल्या पाठीवरचा एक काटा उपटून त्याला देई. ज्याच्याजवळ तो काटा, तो दरबारच्या चाकरीतला, हे सगळे जंगल ओळखत असे.

अशी बारा वर्षे गेली. अर्ध्या जंगलाजवळ त्याचे काटे होते, आणि तो मात्र होता तिथेच होता. दरबारात एक काळा कातळ होता. त्यावर महाराजांचे पाच सल्लागार बसत. त्या कातळावर आपणही बसावे, एवढी एकच इच्छा साळिंदराने मनात धरली होती. म्हाताऱ्या अस्वलाची नजर अधू झाली आणि त्याने आपली जागा सोडली, तेव्हा हा गडी मनातल्या मनात तिथे जाऊन बसलासुद्धा. बायकोला म्हणाला, "माझ्यावाचून दरबारचं पान हलत नाही. आता मला नाही तर कोणाला बोलावतील?"

बोलावणे आले ते टिटवीला! तीन वर्षांपूर्वी हीच टिटवी त्याच्यापुढे पाठमोरी बसली होती. पान जमिनीला टेकायच्या आत ती ओरडली होती, आणि त्यानेच कौतुकाने तिला काटा दिला होता. आता साळिंदराच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी चार जण नावे ठेवतील म्हणून तो अभिनंदनाला गेला. बघतो तर काय, टिटवीने तोच काटा कातळावर आपल्यापुढे मांडून ठेवलेला. "साळिंदरकाका, हा तुमचाच बरं का! अजून जपून ठेवलाय," ती म्हणाली.

"हो का? छान, छान," साळिंदर म्हणाला. चेहऱ्यावर हसू होते, पण पोटात नुसती आग पडली होती. ही कालची पोर वर बसणार, आणि मी खाली उभा राहून मान वर करून हिच्याशी बोलणार! घरी आल्यावर रानकंद खाता खाता त्याने सगळे बायकोला सांगितले. बायको म्हणाली, "अहो, तिला निवडलं कोणी? तुम्हीच ना? मग तुमची निवड चांगली झाली म्हणायची." हे शब्द तर त्याला फारच झोंबले. जेवण तसेच टाकून तो बिळाच्या तोंडाशी जाऊन बसला. "मी निवडायचं आणि दुसऱ्यांनी डोक्यावर चढून बसायचं? बास झालं," तो पुटपुटला. "आता माझ्याहून हुशार कोणाला दरबारात पाऊलच टाकू देणार नाही."

दुसऱ्याच दिवशी एक खार त्याच्याकडे आली. मोठी चलाख होती. "काका, मला पहारा नको नि निरोप नको. तुमच्याजवळ बसून ही निवडीची विद्या शिकायची आहे," ती म्हणाली. साळिंदराने तिच्या चमकत्या डोळ्यांकडे पाहिले आणि त्याला कातळावरची टिटवीच दिसली. "जागा नाही," तो म्हणाला. खार चार दिवस येत राहिली. चारही दिवस जागा नव्हती. पाचव्या दिवशी मात्र त्याने हाताखाली एक रानडुक्कर ठेवून घेतले. ते कशालाही मान डोलावत असे आणि दुपारभर घोरत असे. "साधं आहे बिचारं," साळिंदर सगळ्यांना सांगे. अशाने कोणी पुढे जाण्याची भीतीच उरली नाही, आणि त्याला जरा बरे वाटू लागले.

वर्षभराने कातळावरच्या म्हाताऱ्या गव्याने जागा सोडली. या वेळी महाराजांनी खरोखरच साळिंदराला बोलावले. तो पुढे येऊन उभा राहिला. वाघमहाराज म्हणाले, "तुला या कातळावर घ्यावं असं मला केव्हापासून वाटतं. अस्वल गेलं तेव्हाही पहिलं नाव तुझंच होतं."

"माझं?" साळिंदराचा कानांवर विश्वास बसेना. "मग टिटवी कशी काय बसली, महाराज?"

"तिला विचारलं, तुझा पहारा कोण देईल? तिनं कोतवाल पक्ष्याला वर्षभर शेजारी बसवून तयार केलं होतं. तुझं काम करणारं दुसरं कोणी दिसेना, म्हणून तुझं नाव मागं पडलं. आज तरी सांग, तू वर आलास तर निवड कोण करणार?"

साळिंदराने घाईघाईने रानडुकराला पुढे ढकलले. महाराजांनी पाच प्राण्यांना पाठमोरे बसवले आणि ते म्हणाले, "यातून मला एक पहारेकरी निवडून दे." रानडुकराने पान उचलले, टाकले, आणि तिथेच पडलेले मोहाचे फूल दिसल्यावर ते मटकावले. कोणाचा कान वळला, हे त्याने पाहिलेच नाही. मान डोलावत ते म्हणाले, "सगळेच छान आहेत महाराज. सगळ्यांनाच ठेवा." दरबारात हशा पिकला. टिटवी तेवढी हसली नाही, आणि साळिंदराला त्याचाच जास्त राग आला.

"तीन दिवस देतो," महाराज म्हणाले. "तुझ्या जागी बसेल असं कोणी असेल तर घेऊन ये."

साळिंदर धावत सुटला. त्याला खार आठवली होती. शोधत शोधत तो जंगलाच्या हद्दीवरच्या नदीशी पोहोचला. पलीकडच्या काठावर तिथल्या वाघिणीचा दरबार भरला होता. वाघिणीच्या शेजारी, उंच दगडावर, खार बसली होती. तिच्यापुढे सात-आठ जण पाठमोरे बसले होते आणि मागे एक वाळलेले पान पडत होते. तेच पान टाकणे, तीच रीत! चार दिवस ताटकळत उभ्या राहिलेल्या खारीने नुसते बघूनच ती उचलली होती. साळिंदराचा जीव जळला.

"अगं, चल परत! आता जागा आहे!" तो ओरडला.

खारीने त्याला ओळखले. मान लववून ती म्हणाली, "उशीर केलात काका. मी वाघिणीला शब्द दिलाय."

चौथ्या दिवशी गव्याची जागा चितळाला मिळाली. साळिंदर आपल्या जुन्या सागाखाली परतला. पाणवठ्यासाठी पहारेकरी हवा होता, आणि रांग तशीच उभी होती. रांगेतल्या पहिल्या सशाचे कान इतके तल्लख होते, की पान साळिंदराच्या हातून सुटायच्या आधीच ते वळले. साळिंदराच्या पोटात पुन्हा ती ओळखीची आग पेटली.  तरी त्याने पाठीवरचा एक काटा उपटून सशाला दिला. आजवर काटा उपटताना इतके कधी दुखले नव्हते.

"पहाऱ्याचं मग बघू," दात आवळून तो म्हणाला. "आधी इथे माझ्या शेजारी बस. मी कसा निवडतो, ते नीट पाहून घे."

तात्पर्य : दुसरा पुढे जाऊ नये म्हणून जो वाटेत आडवा बसतो, त्याची स्वतःची वाट आधी बंद होते.