खरी पोलिसातली

साताऱ्याच्या इंदुमती शेलारकडं एक जुनी पोलीस जीप होती. तिचे वडील, यशवंत हवालदार, हीच जीप चालवत निवृत्त झाले होते. पुढं खात्यानं जीप लिलावात काढली, तेव्हा इंदुमतीनं ती हट्टानं घेतली. मग एका सिनेमावाल्यानं ती शूटिंगला नेली आणि तो सिनेमा गावोगाव गाजला.

एकदा शहरात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. वडिलांना शेजारी बसवून इंदुमती जीप घेऊन आली. मानाची ढाल तिच्याच जीपला जाहीर झाली. ती द्यायला पाहुणा कोण, तर त्याच सिनेमात फौजदार झालेला नट, समरजित. जीप दिसताच तो माईकवरून म्हणाला, "या भंगाराला ओळख मिळाली ती माझ्यामुळं! आधी हिच्यावर माझ्या नावाची पाटी लावा, मगच ढाल देतो."

लोक हसले. म्हाताऱ्या हवालदारांची मान खाली गेली. आयोजक इंदुमतीच्या कानाशी लागले, "ताई, लावा की पाटी. मोठा माणूस आहे."

इंदुमतीनं माईक मागून घेतला.

"साहेब, तुमच्या सिनेमात फौजदार खोटा, शिपाई खोटे, चोरसुद्धा खोटा. खरी पोलिसातली एकटी ही जीप होती. हिच्यात बसलात, म्हणून तर तुम्ही लोकांना फौजदार वाटलात! आता सांगा, कुणामुळं कुणाला ओळख मिळाली?"

मैदान टाळ्यांनी दणाणलं. नट आधी लाल झाला, मग स्वतःच हसला आणि मंचावरून खाली उतरला. ढाल त्यानं हवालदारांच्या हातात ठेवली.

त्या दिवशी जीप घरी हवालदारांनीच चालवत नेली.