लिंपलेलं दार

वारुळांना दारं नवी होती, तेव्हाची गोष्ट. भिमी मुंगी धान्याची कोठी सांभाळायची. कोठी भरली की आत डोकावायची, कोणी नाही असं पाहून ओली माती आणायला जायची आणि येऊन दार लिंपायची.

एकदा ती माती आणायला गेली, तेवढ्यात तिची बहीण ठकी उरलेला दाणा घेऊन आत शिरली. भिमीने येऊन दार लिंपलं. ठकी कुठे गेली, कोणालाच कळेना.

पावसाळ्यात कोठी उघडली, तर ठकी दाराशीच निपचित पडलेली.

"मी बघितलं होतं हो, आत कोणी नव्हतं," भिमी पुटपुटली.

"बघितलंस तेव्हा नव्हतं," राणी म्हणाली.

आता माती दुसरी मुंगी आणते. भिमी दारातून हलत नाही. आणि लिंपण्याआधी रिकाम्या अंधारात हाक मारते, "ठके, बाहेर ये गं."