दहा दिवसांचे सोयर

अविवाहित सुभद्रेच्या मुलीला पित्याचे नाव मिळावे, म्हणून न्यायालयात तीन वर्षे नुसत्या तारखा पडत होत्या. ज्यांच्यावर दावा होता, ते देवस्थानचे मानकरी त्र्यंबकराव दरवेळी कानांवर हात ठेवीत.

"मी असले पाप करीन?" ते गरजले. "सोयरसुतकावाचून वीस वर्षांत माझी देवपूजा एकदाही चुकलेली नाही!"

सुभद्रा वैतागून उठली. "मग ही जन्मली तेव्हा दहा दिवस का चुकली? विचारा देवळाच्या गुरवाला. यांच्या घरी तेव्हा ना कोणी जन्मले, ना कोणी वारले."

साक्षीला आलेल्या गुरवाने होकार दिला.

"सोयर पाळून देवापुढे मुलगी कबूल केलीत," सुभद्रा त्र्यंबकरावांकडे वळून म्हणाली, "मग न्यायाधीशसाहेबांपुढेच लाज कसली?"

त्याच दिवशी मुलीला पित्याचे नाव मिळाले. देवाशी खरे आणि माणसांशी खोटे, ही भक्ती नव्हे.