तयार चेहरे

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. तेव्हाचं राज्य गेलं, राजाही गेला. गोष्ट मात्र अजून सांगावी लागते.

एका कुंभाराची मुलगी मडक्यांवर वेलबुट्टी काढायची. एके दिवशी ती बापाला म्हणाली, “मी आता माणसं काढणार. आठवडी बाजारात बसून.”

बापानं चाक थांबवलं. “मडकं नेणारा त्यात पाणी तरी भरतो. तुझ्या चित्राचं लोक काय करतील, बाई?”

तरी ती गेली. चिंचेखाली गोणपाट अंथरलं, मांडीवर कागद घेतला, हातात कोळसा. चारचौघांत चित्र काढणं म्हणजे काय असतं, ते तिला पहिल्याच बाजारात कळलं. पाठीमागे हा घोळका जमला. ज्यांना चार ठिपक्यांची रांगोळी जमत नव्हती, तेही डोळा चुकला म्हणून सांगू लागले. एक म्हातारी म्हणाली, “हात चांगला आहे गं. भाकरी येते का थापायला?” गावचे पाटील म्हणाले, “आमचं फुकट काढ. वाड्यावर लावू, तुझं नाव होईल.” तिनं काढलं. नाव काही झालं नाही. ही फुकट काढते, एवढंच गावभर झालं.

आणि ती काढायची खरं. बांगड्या विकणाऱ्या कासारानं आपलं चित्र पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

“माझं नाक एवढं आहे?”

“याहून मोठं आहे,” शेजारचा तेली म्हणाला. “पोरीनं दया केली तुझ्यावर.”

बाजार हसला. कासारानं कागद फाडून टाकला. त्यानंतर चार बाजार तिच्यासमोर कुणी बसलं नाही. चूल थंड पडायला लागली तेव्हा तिनं युक्ती काढली.

पाचव्या बाजाराला ती चेहरे घरीच काढून घेऊन आली. नितळ गालांचे, सरळ नाकाचे. काही पुरुषांचे, काही बायकांचे, काही मुलांचे. गिऱ्हाईक बसलं की त्यातला एक कागद उचलायचा आणि समोर बघून फक्त पागोटं आणि दागिने भरायचे. घटकेत चित्र तयार. घोळका चकित झाला आणि तिला चितारीण म्हणू लागला. कासार परत आला आणि सरळ नाक घेऊन घरी गेला. तेली या वेळी काही बोलला नाही, कारण पुढचा नंबर त्याचाच होता.

बाजारात टोपल्या विणणारी एक विधवा बसायची. तिची सहा वर्षांची मुलगी मुकी होती. बाईनं एक नवं सूप देऊन लेकीचं चित्र मागितलं. मुलगी समोर बसली, अजिबात न हलता. चितारणीनं मुलांच्या चेहऱ्यांतला एक कागद काढला, मुलीच्या गळ्याकडं पाहिलं आणि मण्यांची तीन पदरी पोत अगदी मणी मोजून काढली.

आईनं चित्र हातात घेतलं. “जरा वेगळीच दिसते.”

“अगं, गोड दिसते की,” कासार म्हणाला. “चित्रातलं तुला काय कळतं?”

बाईनं चित्र गुंडाळून टोपलीत ठेवलं. गरिबाला असं गप्प बसवायला फार वेळ लागत नाही.

पुढच्याच महिन्यात जत्रेच्या गर्दीत ती मुलगी हरवली. आई चित्र घेऊन कोतवालाकडं धावली आणि सांगू लागली, “साहेब, तिची डावी भुवई मधे तुटलेली आहे, तिला बोलता…”

“चित्र आहे ना?” कोतवाल म्हणाला. “मग तोंडी कशाला?” त्यानं चित्र दोन स्वारांच्या हाती दिलं आणि बाईला दाराबाहेर बसवलं.

स्वार नदीच्या घाटावर पोहोचले. तिथं नावाड्याच्या झोपडीपुढं एक मुलगी दोन दिवसांपासून बसून होती. गळ्यात काही नव्हतं. पोत गर्दीत तुटून पडली होती. नाव विचारलं की ती नुसती बघायची. स्वारांनी चित्र तिच्या चेहऱ्याशेजारी धरलं, नीट पाहिलं आणि ठरवलं, ही नव्हे. ते पुढं निघून गेले. नावाड्याला वाटलं, हिचं कुणीच शोधायला आलेलं नाही. संध्याकाळी मिठाचा तांडा पलीकडं चालला होता. त्यातल्या एका कनवाळू बाईनं मुलीला बैलावर बसवलं. पुढच्या गावी चौकशी करू म्हणाली.

आई चालत घाटावर आली, तेव्हा तांडा पलीकडचा डोंगर चढून कुठल्या कुठं गेला होता.

“तुटक्या भुवईची होती की,” नावाडी म्हणाला. “पण चित्रात तशी नव्हती, बाई.”

ती माघारी आली आणि चितारणीसमोर बसली. “कोतवाल पुन्हा माणसं धाडतो म्हणतो. आता खरी काढून दे.”

चितारणीनं कोळसा उचलला. तिला पोत आठवली, तिचे तिन्ही पदर आठवले. चेहरा आठवेना. आठवणार कसा? तिनं तो पाहिलाच नव्हता.

“घटकाभर तुझ्याकडं बघत बसली होती गं ती,” आई म्हणाली.

त्या दिवशी सगळ्या बाजारानं चितारणीला शिव्या घातल्या. सर्वांत मोठा आवाज कासाराचा होता. लहानथोरहो, एक लक्षात ठेवा: आपल्या भिंतीवरचं खोटं चित्र मात्र एकानंही उतरवलं नाही.

चितारीण मान खाली घालून रडत राहिली. शेवटी ती आईच म्हणाली, “मग माझं काढ. ती डोळ्यांनी माणूस ओळखते. घाटावर लाव, परत आली तर थांबेल.”

चितारणीनं कोरा कागद घेतला. दिवस कलेपर्यंत ती पाहत होती आणि काढत होती. सुजलेले डोळे, बांबूनं चिरलेली बोटं, ओठांजवळची रेघ, काहीच सोडलं नाही. मागे घोळका होता; कुणी चूक काढली नाही.

ते चित्र नावाड्याच्या झोपडीत कागद विरेपर्यंत होतं. येणारे जाणारे म्हणत, ही बाई आत्ता बोलेल. मुलगी कधीच आली नाही.

तात्पर्य: माणसाला खूश करणं म्हणजे त्याला पाहणं नव्हे, आणि ज्याला आपण पाहिलंच नाही, त्याला हरवल्यावर शोधताही येत नाही.