गाळाचा विसार

पूर्वी सुवर्णपल्ली नगरात विजितसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याचे न्यायामात्य होते. त्या जन्मी त्यांचे नाव ऋजुक.

नगराला पाणी होते ते एकाच तलावाचे. त्याच्या पाटाचा मक्ता धनमित्र नावाच्या श्रेष्ठीकडे होता. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवायची आणि ती भरून बुडेपर्यंत ज्याची पाळी असेल त्याच्या दारी पाट वळवायचा, अशी तिथली रीत होती. एका वाटीचा दर ठरलेला असे. त्या वर्षी धनमित्राने तो एकदम तिप्पट केला.

सगळ्यांत मोठा घाव बसला रंगाऱ्यांच्या आळीवर. रंगवलेले कापड पुन्हापुन्हा धुतल्याशिवाय रंग पक्का होत नाही, आणि नव्या दराने धुवायचे तर कापड विकूनही भागेना. आळीची म्होरकी माधवी राजाकडे दाद मागायला आली. दर उतरला नाही तर सगळ्यांनी गाव सोडायचे ठरले होते, काहींच्या रंग उकळायच्या काहिली तर गाडीत चढल्याही होत्या.

धनमित्राचे म्हणणे असे की तलाव गाळाने भरतो, तो उपसायला माणसे लागतात, बैल लागतात, आणि त्या खर्चाने आपण पार बुडालो. हे त्याने असे काही गहिवरून सांगितले की सभेतल्या चोपदारालाही भरून आले. राजाचा कल तिकडेच होता. वाढीव दरातला वाटा राजकोशात यायचा होता ना! पण निवाड्याचे काम ऋजुकांचे, म्हणून त्याने ते त्यांच्यावर सोपवले.

त्याच संध्याकाळी श्रेष्ठी ऋजुकांच्या घरी हजर. त्यांची आमराई त्या साली सुकत चालली होती. तिच्यापर्यंत पाट काढून देतो, पिढ्यान्‌पिढ्या दर नाही, असे तो गोड बोलला. ती झाडे ऋजुकांनी लेकरांसारखी वाढवली होती. त्यांचा जीव तुटला. तरी त्यांनी पाहुण्याला विडा दिला आणि नकार देऊन वाटेला लावले.

सकाळी ते तलावावर गेले. गाळ उपसणे चालू होते, गाड्यांची रांग लागली होती आणि आधी कोणी भरायचे यावरून गाडीवान हमरीतुमरीवर आले होते. ऋजुक पाहत राहिले. मजुरीला आलेला माणूस ओझे उचलायला असा भांडत नाही, एवढे त्यांना कळत होते. कोणाला काही न विचारता ते सभेत आले.

"श्रेष्ठी, गाळाचा भार तुम्हाला सोसवत नाही ना?"

"कंबर मोडली, आर्य."

"मग आजपासून तो तुमच्यावर नको. राजाची माणसे राजाच्या खर्चाने गाळ काढतील आणि घेऊन जातील. तुम्ही जुन्या दराने पाणी तेवढे सोडा."

सभा 'साधु, साधु' म्हणणार, तोच धनमित्र ताडकन उठला. "गाळ कसा नेता? त्याचा विसार घेतलाय मी!"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली, पण आता उपयोग काय! मग सगळे बिंग बाहेर आले. तलावाचा गाळ म्हणजे मळ्यांचे सोने. माळी आगाऊ पैसे देऊन तो स्वतःच्या गाड्यांनी नेत होते. श्रेष्ठीची एक कवडी खर्ची पडत नव्हती. ज्याला तो ओझे म्हणत रडला, ती त्याची दुभती गाय होती.

ऋजुकांनी जुना दर कायम केला आणि जादा घेतलेले परत करायला लावले. राजा खजील झाला, मग मोकळेपणाने हसला आणि आपला वाटा त्याने सोडून दिला. माधवीने हात जोडले. दुसऱ्या दिवशी आळीपासून वेशीपर्यंत हळदीची पिवळी आणि मंजिष्ठेची तांबडी कापडे फडफडत होती, ढोल वाजत होते, आणि काहिली पुन्हा चुलींवर चढल्या होत्या. ऋजुकही दर मोजून आपल्या पाळीची वाट पाहत बसले. त्यांची निम्मी झाडे गेली, निम्मी जगली. त्यांना खंत वाटली नाही.

भिक्षूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा धनमित्र म्हणजे आज विहाराच्या विहिरीला कुंपण घालू पाहणारा शेजारी, राजा म्हणजे त्याची बाजू घेणारा तुमच्यातला वृद्ध भिक्षू, माधवी म्हणजे वाटसरूंना पाणी पाजणारी उपासिका, आणि ऋजुक मीच होतो. पाण्याचा न्याय त्यानेच करावा, ज्याला स्वतःची तहान आवरता येते. हीच प्रज्ञापारमी, शहाणपणाची परिपूर्णता."